एका पेगनं काय होतंय

आनेकलच्या आमच्या शाळेत फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गावर होते. वैनीचा आवाज कोरडा होता. "अण्णा गेले. ये तू." बस बंगळूरला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही... राग मात्र आला, आणि दीड महिना होत आला तरी तो उतरलेला नाही.

शमुवेलअण्णा माझा थोरला भाऊ. बंगळूरच्या पीण्या भागात एका कारखान्यात लेथवर होता. तरुणपणी भयंकर प्यायचा. चर्चच्या पाळकांनी आणि वैनीनं त्याला त्यातून ओढून काढलं, मग त्यानं स्वतःलाच नियम घालून घेतले. बारवरून जाणारा रस्ता सोडून लांबून घरी यायचं. समारंभात जेवण झालं की थांबायचं नाही. प्रभुभोजनाच्या प्याल्यात साधा द्राक्षांचा रसच असतो ना, हेही पाळकांना विचारून घेतलेलं. नातेवाईक हसायचे. "देवानं सोडवलंय ना तुला, मग एवढी भीती कसली?" अण्णा म्हणायचा, "सोडवलंय म्हणूनच हे कुंपण दिलंय त्यानं. आत मी मोकळा आहे, बघा की." आणि होताच मोकळा. लेकीच्या सायकलमागं धावायचा, चर्चमध्ये बेसूर पण खणखणीत गायचा.

मग आमच्या मावसभावाच्या, विजयच्या, मुलाचं लग्न झालं. संध्याकाळी त्याच्या घरी पुरुषांची बैठक जमली. जेवून अण्णा निघाला, तर विजयनं हाताला धरून बसवलं. "स्वल्प घे रे. एका पेगनं काय होतंय? येशूनंसुद्धा लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला!" सगळे हसले. वैनी दारातून म्हणाली, "भाऊजी, नको." "बायकोला विचारून पितोस होय?" पुन्हा हशा. त्या हसण्यापुढं अण्णा एकटा पडला... त्यानं ग्लास घेतला.

पुढचं वर्ष सांगण्यासारखं नाही. नोकरी गेली, गाणं गेलं, शेवटी रक्ताच्या उलट्या. दवाखान्यात मी विजयचं नाव काढलं, तर म्हणाला, "मला कुणी ढकललं नाही गं. फाटक मीच उघडलं." तो असं म्हणू शकला. मला नाही जमत.

अंत्यविधीला शास्त्रपाठ विजयनं वाचला. अगदी सुरेख वाचला.

गेल्या रविवारी तो उपासनेला उशिरा आला आणि आमच्या बाकाशी थांबला. वैनीशेजारची कडेची जागा रिकामी होती. अण्णा तिथं बसायचा. वैनीनं मांडीवरची पिशवी उचलून त्या जागेवर ठेवली आणि मान वर न करता म्हणाली, "इथं नाही." विजय मागं जाऊन बसला. पाळकांनी त्या दिवशी क्षमेवर प्रवचन केलं. वैनीनं ते शेवटपर्यंत ऐकलं. पिशवी हलवली नाही.