तळ्यावरची म्हशींची वाट

ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात आमच्या गावाचे तळे नासले. ते मी नासवले होते. दोष मात्र शेजारच्या काकीच्या म्हशींवर आला, आणि मी तो येऊ दिला. पन्नाशी ओलांडल्यावर हे इतक्या थोडक्यात लिहिता येते. तेव्हा यातला एक शब्दही माझ्या तोंडून निघाला नव्हता.

गाव रत्नागिरीपासून आत, जांभ्याच्या सड्याखाली, म्हणजे उघड्या कातळपठाराखाली, वसलेले. पावसाळ्यात सडा जे पाणी पिऊन घेई, ते वर्षभर कपारींतून तळ्यात झिरपत राही. तळे लहान होते. या काठावरून हाक मारली की पलीकडे धुणे आपटणारी बाई हात न थांबवता ओ देई. पाण्याला थोडी लोखंडाची, थोडी गवताची अशी चव होती. पायरीवर बसून पाय सोडले की बोटाएवढे मासे टाचांना टोचू लागत. पांढरी कुमुदे ऊन चढले की मिटत, त्यांच्या पानांवरून पाणकोंबडी पिले घेऊन चाले, आणि दिवड जातीचा एखादा पाणसाप पाण्यातून मान वर काढून आम्हा पोरांकडे बघत राही. भर वैशाखात पाणी उतरले तरी तळाचे खडे दिसत. देवळाकडची बाजू पिण्याच्या पाण्याची, मधली धुण्याची, आणि पलीकडची उतरण गुरांची. हे कोणी आखून दिलेले नव्हते, पण कोणी मोडतही नसे.

त्या उतरणीवरून रोज दुपारी काकी आपल्या दोन म्हशी घेऊन येई. ती नात्याने काकी नव्हती, पण मला सख्ख्या काकीहून जवळची होती. तिचा नवरा मुंबईला कामाला असे आणि फक्त गणपतीला गावी येई. म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात बसत आणि ती त्यांच्या पाठी नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीने, घासत त्यांच्याशी बोलत राही.

"धनी मुंबईस," ती मला म्हणे, "माजं सगलं ऐकून घेनाऱ्या ह्याच दोघी. तू पन दोन अक्षरं वाचून दाखव रं यांस. तुज्यापेक्षा लवकर पास होतील."

मी तेव्हा बारावीची परीक्षा दिली होती. निकाल लागला की मुंबईला आत्याकडे जायचे, असे वडिलांनी ठरवून टाकले होते. मला गाव सोडायचे नव्हते. पूर्णगडला मामांकडे खाडीच्या चिखलात नारळाची सोडणे पुरून ठेवत. ती कुजली की काढून बडवायची, काथ्या मोकळा करायचा आणि सुंभ वळायचा. आमच्याकडे तीच सोडणे न्हाणीच्या चुलीत जळत. गावात राहूनही काही करता येते हे वडिलांना दाखवायचे, असे मनाशी धरून मी शिमग्यानंतर वाडीतली सोडणे पोत्यांत भरली, तळ्याच्या केवड्याआडच्या कोपऱ्यात बुडवली आणि वर चिरे ठेवले. कोणाला सांगितले नाही. सुंभाची गुंडी वडिलांसमोर ठेवीन तेव्हाच बोलायचे, असा माझा बेत होता.

खाडीला भरती-ओहोटी असते, आणि सोडणांच्या कुजण्याची घाण समुद्र रोज थोडीथोडी घेऊन जातो. तळ्यातून बाहेर जायला उन्हाळ्यात वाटच नसते. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

आधी पाणी कोऱ्या चहासारखे झाले, मग काळे. सडलेल्या अंड्यांसारखा वास देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत येऊ लागला. सकाळी मासे पाण्यावर तोंडे काढून आ वासत, आणि एके दिवशी ते पांढरी पोटे वर करून काठाला लागले. पाणकोंबडी दिसेनाशी झाली. त्या संध्याकाळी मी केवड्याआड जाऊन एक चिरा सरकवला. खालून काळा बुडबुडा वर येऊन फुटला, आणि मला सगळे कळले.

दुसऱ्या दिवशी देवळात गाव जमला. मी वडिलांच्या मागे खांबाला टेकून बसलो होतो.

"गुरं पान्यात बसतात, शेन पडतं. दुसरं काय असनार?" गावकर म्हणाले. गावाचा शब्द त्यांचाच असे.

"माज्या सासूच्या म्हशी पन थयच बसायच्या," काकी म्हणाली. "तवा नाय नासलं तलं. का माज्याच म्हशींचं शेन जास्त वाईट?"

कोणी तरी हसले. गावकर हसले नाहीत. "वैनी, गावचं पानी हाय. वाईट वाटून घेऊ नुको."

"मी नाय वाईट वाटून घेत. म्हशींस कसं समजवू तेवढं सांगा."

 मी खरे सांगितले असते तर तिथेच सगळे मिटले असते. पण समोर वडिलांची पाठ होती, आणि "याला गावात ठेवून उपयोग नाही" हे त्यांचे वाक्य मला आधीच ऐकू येत होते. मी गप्प बसलो.

म्हशींची वाट काट्या टाकून बंद झाली. त्यानंतर दुपार झाली की दोघी सवयीने तिथवर येत आणि काट्यांवरून माना पुढे काढून पाण्याकडे बघत उभ्या राहत. काकी आडावरून कळशीकळशीने पाणी ओढून त्यांच्या अंगावर ओती. मी पहाटे जाऊन सडकी सोडणे बाहेर काढली आणि आंब्याच्या आळ्यांत पुरली. पुढे पावसाने तळे भरून वाहिले आणि पाणी निवळले. गावाला पुरावा मिळाला: म्हशी बंद केल्या, तळे सुधारले. माझ्या गुपचूप साफसफाईने काकीवरचा आळ पक्का झाला.

गौरी आणायला बायका तळ्यावर गेल्या तेव्हा एकीने टोमणा मारला, "म्हशी नायत तर किती बरं वाटतंय नाय पानी?"

"म्हशींस इचारून सांगते," काकी म्हणाली.

त्याच दिवसांत तिची एक म्हैस व्याली. तिने वाटीभर खरवस माझ्यासाठी आणला. प्रवेश लांबले होते आणि मुंबईऐवजी माझे रत्नागिरीच्या कॉलेजात जायचे ठरले होते. "शिकायला चाल्लास, तोंड गोड कर," ती म्हणाली. मी तो खाल्ला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी ओढून तिचे हात थकले, आणि दोन्ही म्हशी घाटावर विकल्या गेल्या.

मी रसायनशास्त्र शिकलो आणि जन्मभर पाणी तपासण्याची नोकरी केली. गावोगावच्या विहिरींचे नमुने बाटल्यांत भरले, पाण्यात प्राणवायू किती विरघळला आहे ते पाहिले, मासे का मेले ते लोकांना समजावले. प्रत्येक वेळी मला काट्यांवरून पुढे आलेल्या त्या दोन माना आठवत.

गेल्या उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढायचे ठरले आणि 'पाण्यातला माणूस' म्हणून गावाने मला बोलावले. आदल्या संध्याकाळी मी काकीच्या पडवीत गेलो. ती आता काठीवाचून उठत नाही. मी सगळे सांगितले. 

"वर खरवस पन खाल्लास," ती म्हणाली.

"खाल्ला."

"चांगला झालेला?"

"तसा पुन्हा कुठे मिळाला नाही."

तिने पदराने तोंड पुसले. ती हसली की काय, अंधुक उजेडात मला कळले नाही. "मना पडवीत सांगून काय उपेग? माज्या म्हशींस बंदी देवलात झाली."

दुसऱ्या दिवशी देवळात कोणी तरी म्हणाले, मागे म्हशींनी तळे नासवले होते तेव्हाही गाळ असाच साठला होता. काकी बायकांत भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. मी उठून त्याच खांबापाशी उभा राहिलो.

"म्हशींनी तळे नासवले नव्हते," मी म्हणालो. "केवड्याच्या कोपऱ्यात मी सोडणे कुजत घातली होती. म्हशींना बंदी झाली तेव्हा मी इथेच बसलो होतो. मला सगळे ठाऊक होते आणि मी बोललो नाही. काकी, तुझा काही दोष नव्हता, तुझ्या म्हशींचाही नव्हता. मी चुकलो. सगळ्यांसमोर तुझी क्षमा मागतो."