हलक्या भुशाचं वजन

अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल. सांभाळून घ्या. चौथीनंतर माझ्या हातात पेन्सिल कमी आणि धानाचा भुसाच जास्त आला.

त्या दिवशी माझं पोतं ठेकेदाराच्या काट्यावर होतं.

"वहिनी, पोतं भरलं का फुगवलं?" तो म्हणाला.

परक्या माणसाशी मी जाऊबाईंमार्फत बोलत असे. मी त्यांच्या कानात सांगायचं, त्यांनी पुढे सांगायचं.

काम असं. भिलाईचा पोलादाचा कारखाना नवा होता. जवळच्याच रिसालीत आमच्या अंगणात आम्ही धानाची टरफलं ड्रममध्ये धुमसत ठेवायचो. काळी झाली की झाकण घट्ट. पांढरी झाली तर राख, माल वाया. जमलं तर टरफल अख्खं राहतं, पण आतून पोकळ, अगदी हलकं. वितळलेल्या पोलादावर ते पसरतात. दुलईसारखं ऊब धरून ठेवतं.

म्हणजे हलका तोच माल चांगला. आणि ठेकेदार पैसे देणार वजनावर! ड्रमांसाठी त्याच्याकडून चाळीस रुपये उचल घेतली होती. या हिशेबाने ती फेडायला नातवंडं लागली असती.

तेवढ्यात कारखान्याचे फोरमनसाहेब माल न्यायला आले. मी पोत्याला हात लावला, तर बुडाशी ओलं! वजन वाढावं म्हणून जाऊबाईंनी पाणी मारलं होतं. ओला माल पडला तर पोलाद उसळतं, माणसं भाजतात, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मी कानात म्हटलं, "सांगा ना, पोतं ओलं हाय."

जाऊबाई साहेबांना म्हणाल्या, "माही जाऊ म्हनते, माल मस्त हाय."

"ओलं हाय, ओलं!"

"अन् म्हनते, लवकर घेऊन जा."

हमालाने पोतं उचललं. मी ओरडले, "ठेव खाली! पानी हाय त्यात!"

ठेकेदार म्हणाला, "वहिनीले बोलता येते?"

साहेबांनी पोत्यात हात घातला. "कावून भिजवलं, बाई?"

आता तोंड उघडलंच होतं. "तुमाले माल हलका पाह्यजे अन् आमाले पैसे वजनाचे. मंग काय करावं मानसानं?"

साहेब ठेकेदाराकडे वळले. "आमच्याकडून पोत्याचा भाव घेता, अन् या बायांले वजनानं देता?"

हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ठेकेदार फडक्याने काटा पुसू लागला.

त्या दिवसापासून आम्हालाही पोत्याचा भाव मिळाला. ओला माल जाऊबाईंनी एकटीने उन्हात वाळवला. मी एवढंच शिकले, की ज्याची चूक त्याच्याच हाती निरोप देऊ नये.

दिवाळीच्या आत चाळिसातला शेवटचा रुपया मी ठेकेदाराच्या हातावर ठेवला. जाऊबाई मागे उभ्या होत्या.

"फिटले सारे," मीच म्हटलं.