काकांच्या नावचा वाटा

शहाद्याच्या स्टँडवर धुळ्याची एसटी लागली तेव्हा आईच्या लुगड्याचा काठ अजून ओला होता. शहाद्याशेजारच्या लोणखेड्यात ज्या घरात मी खोली घेऊन कॉलेज शिकत होते, त्या घराचा अख्खा जिना तिला थोड्या वेळापूर्वीच धुवायला लावला होता. माझी पेटी तिनेच टपावर चढवून घेतली. रडली नाही. खिडकीशी येऊन म्हणाली, "जेव जाऊन तिथे. उपाशी राग धरू नको." गाडी हलली, आणि मी तिचं अर्धंच ऐकलं. जेवले, पण राग सोडला नाही.

पाड्यातल्या माणसांनो, तुम्ही पाड्यावर राहिलात, किंवा बारडोलीकडे ऊसतोडीला गेलात, सुरतेच्या इमारतींवर गेलात. मी का गेले ते तुम्हाला ऐकीव माहीत आहे. नीट सांगते.

म्हसावदच्या वर, सातपुड्याच्या पहिल्या चढावर आपला पाडा. तिथे जनावर कापलं की मांसाचे सारखे वाटे सागाच्या पानांवर लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. पण हे वाचणारे दुसरेही असतील. म्हातारं, तान्हं, वाटेने जाणारा परका, त्या वेळी तिथे उभा असेल त्या प्रत्येकाचा वाटा. सगळ्यांचे लागेपर्यंत कुणी आपला उचलत नाही, आणि परका असला तर पहिला तो उचलतो. शिकायला गेलेल्या पोरीचाही लागतो. मामाच्या घरी कार्य झालं, डुक्कर कापलं, आणि माझा वाटा घेऊन आई जीपने लोणखेड्याला आली. खोलीतल्या स्टोव्हवर तिने हंडी चढवली. लसूण, मिरची, मीठ, बस.

घरमालकांना आम्ही पोरी काका म्हणायचो. काका वर आले, नाकाला रुमाल लावून. हंडी त्यांनी फडक्याने धरली आणि गॅलरीतून गटारीत फेकली. मग आईला सांगितलं, तू हे घेऊन ज्या जिन्याने आलीस तो धू. तिने धुतला. मी मधे पडले तेव्हा तिने मला हाताने मागे सारलं, कारण माझं वर्ष वाया जाईल अशी तिला भीती होती. जिना धुऊन झाल्यावर वर्ष मीच सोडलं.

बाबा संघटनेची पत्रकं वाटत पाड्यापाड्यांतून फिरायचा. मी वाचायला त्याच पत्रकांवर शिकले. माझं पहिलं जोडाक्षर 'हक्क'मधलं. बाबा म्हणायचा, पत्रकातलं घरात करून दाखवायचं, नाहीतर तो कागद भजी बांधायला द्यायचा. त्या दिवशी घरात करून दाखवायला माझ्याकडे घरच नव्हतं.

धुळ्याला नर्सिंग झालं, आणि नोकरी लागली गोव्यात, मडगावच्या एका इस्पितळात. तिथे खोली बघायला गेले तर घरमालकीण स्वयंपाकघरात डुकराचं मांस कापत बसली होती. मी दारातच थांबले. तिने वर न बघता विचारलं, "खाता गो तूं?" खातेस का. हो म्हटलं. तिने दुसरी सुरी पुढे केली. भाडं आम्ही मांस कापून झाल्यावर ठरवलं.

घरी सॉसेज कसं करतात ते मी तिच्याकडे शिकले. गोव्यात त्याला चोरीस म्हणतात. मांस हाताने बोटाच्या पेराएवढं कापायचं, यंत्रात घालायचं नाही. पाठीचा भाग, ज्याला तिथला खाटीक लॉइन म्हणतो, तो कोरडा पडतो, म्हणून त्यात चरबी चांगली सढळ हाताने मिसळायची. मीठ लावून पाणी गळू द्यायचं. मग मिरची, लसूण, मिरं, जिरं व्हिनेगरमध्ये वाटून चोळायचं आणि मुरवायचं. धुऊन साफ केलेल्या आतड्यात ते ठासून भरायचं, दोऱ्याने गाठी मारायच्या, उन्हात टांगायचं. मिरची मी नंदुरबारची नेली. आपल्याकडे मिरची वाळवायच्या पथारींवर जी लाल जमीन पसरते ना, तीच. मालकिणीला आधी पटेना; मग तिने बोट चाटलं आणि पुढच्या सुट्टीत पोतं आण म्हणाली.

गाठ मारताना मी दर वेळी काकांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचे. मालकिणीला कारण माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणायची, "बाय, दोरी तुटतली." मुली, दोरी तुटेल.

लॉइनचे हाडासकट जाड तुकडे, म्हणजे चॉप्स, ती निखाऱ्यावर करायची. आधी तव्यावर दोन्ही अंगांनी लाल, मग कांद्याच्या थरावर लावून, झाकण कणकेने बंद करून, सकाळपासून दुपारपर्यंत मंद आचेवर. मी त्यात भिजवलेली मोहाची फुलं घालायला लागले. या रांधण्याला घाई चालत नाही. मलाही घाई नव्हती. लोणखेड्याच्या त्याच गल्लीत एखादं घर विकायला निघेल, याची मी गोव्यात बसून वाट बघत होते.

ते निघालं. टोकाचं घर, गच्चीवालं, काकांच्या घराच्या वाऱ्याच्या अंगाला, म्हणजे इथला वास थेट त्यांच्या खिडकीत. मी बँकेचं कर्ज काढलं आणि घेतलं.

आई तिथे राहायला यायला तयार नव्हती. म्हणाली, "त्याच्या नाकासाठी मी घर बदलू?" मी म्हटलं, नाकासाठी नाही, कॉलेजला येणाऱ्या आपल्या पोरींसाठी. हे खरंही होतं आणि खोटंही. मला काका एकदा तरी तिच्यासमोर उभे राहून मान खाली घालताना बघायचे होते. काय बोलायचं ते मी तोंडपाठ केलं होतं, सगळं पत्रकासारखं, धडाधड.

शेवटी ती आली ती मार्चमध्ये, मी सुट्टीवर असताना. मामाने पाड्यावर डुक्कर कापलं आणि पिकअपमधून आणलं. आधी आम्ही चोरीस केले. गच्चीवर दोऱ्या बांधून लाल माळा टांगल्या. आईने त्याकडे बघून विचारलं, "ही माळ नवऱ्याला घालायची की नवरीला?" आपलं ऊन गोव्यापेक्षा कडक, लवकर सुकले. मग मामा पुन्हा मांस घेऊन आला, त्या दिवशी सकाळीच अंगणात निखारे पेटवून चॉप्सची हंडी चढवली आणि गल्लीत खोल्या करून राहणाऱ्या डोंगराकडच्या पोरापोरींना निरोप दिला. ही सगळी खिडक्या लावून, उदबत्त्या पेटवून, बोंबील भाजणारी. काकांच्याही दोन भाडेकरू आल्या. त्यांतली तारा वर डोंगरातल्या अक्राणीकडची. फाटकातून आत येता येताच म्हणाली, "ताई, आमच्या काकांच्या नाकाला आज सुट्टी नाही."

आईने अंगणात सागाची पानं मांडली. शिजलेला एक चॉप, सुकलेला चोरीस आणि कच्चं मांस, असा एकेकाचा वाटा. ती मोजत होती तेवढ्यात काका फाटकातून आत आले. थकले होते, केस पांढरे. रुमाल तोच, किंवा तसाच.

"हाई काय लावी ठेवेल शे?" ते मला अहिराणीत म्हणाले. "घर तुन्हं व्हई. गल्ली तुन्ही नही."

मी पत्रक सुरू करायला तोंड उघडलं. पण मला दिसलं की त्यांनी आईला ओळखलंच नव्हतं. त्यांच्या नजरेत ती पानं मांडणारी कुणीतरी बाई होती. पाठ केलेलं भाषण आता ऐकवायचं कुणाला? ज्या माणसाला मी रोज गाठीत आवळत होते, त्याला तो दिवस आठवतही नव्हता.

आईने त्यांच्याकडे वर बघितलं. मग उठून आणखी एक पान आणलं, आणि सगळ्या वाट्यांतलं थोडंथोडं काढून त्यावर एक वाटा लावला. बाकीच्यांच्याएवढाच, मी नीट बघितला. तो उचलून ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आपल्या बोलीत कलेक्टरलाही तूच म्हणतात, आणि अहिराणी बोलतानाही तिचं तू सुटत नाही.

"हाऊ तुन्हा वाटा शे, भाऊ. मन्ही हंडी तू गटारमा फेकेल व्हती. आज हातमा देस. ले, नही ते जाय." आज हातात देते. घे, नाहीतर जा.

तेव्हा त्यांना ओळख पटली. ते आधी तिच्या तोंडाकडे बघत होते, मग तिच्या हातांकडे. अंगणात कुणी हललं नाही, कारण वाटा लागलेल्या परक्याने उचलल्याशिवाय बाकीच्यांना उचलता येत नाही. सगळी पोरं काकांवर खोळंबली होती. आईचा हात पुढेच होता. त्यांनी मान खाली घातली नाही. ते वळले आणि आपल्या दोन भाडेकरूंना म्हणाले, "सकायले खोली खाली करा."

म्हणजे उद्या सकाळी. दोघींची परीक्षा तोंडावर होती. दुसरी भाडेकरू, ताराची मैत्रीण, पांढरीफटक पडली. तारा मात्र पानासमोरून उठली आणि म्हणाली, "काका, सकाय कशाले? आतेच करतस." आत्ताच करतो.

ते गेल्यावर आईने त्यांचा वाटा मोडला आणि सगळ्यांच्या पानांवर परत सारला. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे लावलेला वाटा कुणाचा मोडतात. माणूस मेला तर, किंवा पाड्याने त्याला कायमचं बाहेर काढलं तर. गल्लीत हे कुणाला कळलं नाही, काकांना तर मुळीच नाही. मी म्हटलं, त्यांना जाऊन सांगते. आई हात धूत म्हणाली, "मला कळलं ना. जेव."

जेवून झाल्यावर आम्ही सगळे गेलो. स्टोव्ह, गाद्या, पुस्तकांची खोकी, ताराचा आरसा, असं भर दुपारी गल्लीतून मिरवत आमच्या घरी आणलं. त्या जिन्यावरून खाली येताना माझ्या चपलांना निखाऱ्याची राख होती. मी पाय पुसले नाहीत.

आता मी मडगावला परत आहे. आई लोणखेड्यात राहिली, पोरींबरोबर. पोरींनी डोंगराकडच्या बाकीच्यांना कळवलं, आणि त्यांच्यापैकी कुणी काकांकडे खोली घेत नाही. काकांच्या फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागली आहे. दर रविवारी फोनवर मी आईला तब्येत विचारते, शेत विचारते, आणि मग पाटी विचारते. आहे, म्हणते ती. पाऊस लागून अक्षरं ओघळली तरी आहे. माफ केलंस का, असं मला कुणी विचारू नका. त्या पाटीला विचारा.

इथल्या मालकिणीने मला मुलीसारखं ठेवलं आहे. इस्पितळात मान आहे, समुद्र जवळ आहे, खिडकी उघडी ठेवून रांधते. लोक विचारतात, आता गोवाच तुमचं घर ना? मी नाही म्हणते, आणि त्यांना ते कृतघ्नपणाचं वाटतं. पण खरं ते खरं. गोव्यात माझं कुणाशी भांडण नाही. इथे मी राहते. घर तिकडे आहे, जिथे माझं भांडण अजून चालू आहे.