ओंडक्याचा केक

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितली नाही असं म्हटलं, तर ते अर्धंच खरं होईल. सांगितली आहे — तीन माणसांना. पण तिन्ही वेळा खोटी सांगितली. खरी आज पहिल्यांदाच लिहायला घेतली आहे, आणि सकाळपासून टाळते आहे. आधी चहा केला, मग मेथी निवडली, मग देवघरातली भांडी विनाकारण पुन्हा घासली. आता घरात काही करायचं उरलेलं नाही, म्हणून बसले.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. नागपुरात एका मिशनच्या शाळेत मी आणि शीला, दोघी टेम्पररी शिक्षिका होतो. मी धंतोलीतली, ती इंदोऱ्याची. मुलींना शिवण आणि स्वयंपाक शिकवायला तिथे एक फ्रेंच सिस्टर होत्या. तीस वर्षं नागपुरात काढून त्यांचं मराठी चांगलं झालं होतं, फक्त ‘ळ’ काही केल्या जमत नसे. पोळीला शेवटपर्यंत पोलीच म्हणाल्या. दर नाताळला त्या आपल्या गावाकडचा एक केक करत — चॉकलेटचा, गुंडाळलेला, वरून झाडाच्या सालीसारखा. त्याला त्या ‘ब्यूश’ म्हणायच्या. ब्यूश म्हणजे ओंडका. आम्ही पोरी त्याला बुशशर्ट म्हणायचो आणि त्यांच्या पाठीमागे हसायचो.

तो केक तुम्ही केला नसेल तर सांगते, त्यात सगळी परीक्षा एका क्षणाची असते. अंड्यातला पांढरा भाग वेगळा फेटायचा, कोको-मैदा हलक्या हाताने मिसळायचा, ट्रेमध्ये बोटभर जाडीचा पातळ थर द्यायचा. भाजून निघाला की पिठीसाखर भुरभुरलेल्या ओलसर पंच्यावर तो उलटा टाकायचा — आणि गरम असतानाच पंच्यासकट गुंडाळायचा. थांबलात की तडा गेलाच. निवल्यावर उलगडायचा, लोण्याचं क्रीम लावायचं, पुन्हा गुंडाळायचा, आणि वरच्या क्रीमवर काट्याने रेघा ओढायच्या. माझ्या केकला दरवेळी तडा जायचा. क्रीमखाली तो लपायचा, पण कापताना दिसायचाच. शीलाच्या केकला कधीही गेला नाही. तिचे हात बारीक आणि सावकाश होते. माझ्या शेजारी उभी राहून म्हणायची, “दाबू नको वं कुसुम. त्याले आपल्या आपण वळू दे.”

मला ते वाक्य आवडत नसे. खरं तर शीला मला फार आवडायची — आणि ते वाक्य आवडत नसे. हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे तेव्हा मला कळत नव्हतं. आता कळतं, पण त्याचा काय उपयोग?

त्या वर्षी सिस्टर कायमच्या फ्रान्सला परत निघाल्या. त्यांच्या जागी एक बाई कायम घ्यायची होती, आणि ती आमच्या दोघींतलीच एक असणार हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. सिस्टरांनी त्यांच्या पद्धतीने मार्ग काढला. नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाहुण्यांना चहा असे. दोघींनी घरून एकेक ब्यूश करून आणायचा, जिचा टेबलावर शोभेल तिला ती जागा मिळेल. शाळेचा ओव्हन वसतिगृहाच्या पावांमध्ये अडकलेला होता. शीलाच्या घरी ओव्हन नव्हता. माझ्याकडे होता — भावाने मुंबईहून आणलेला, पेटीसारखा चौकोनी, विजेचा. मागच्या व्हरांड्यात टेबलावर असायचा, कारण अंडं स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही एवढा आईचा नियम होता. तेव्हा ठरलं की सकाळी मी भाजीन आणि दुपारी दोनला शीला तिचं मिश्रण घेऊन येईल.

शीलाला ती नोकरी हवी होती. मलाही हवी होती, पण माझं हवं असणं वेगळं होतं. माझं लग्न जमत आलं होतं. तिच्या पाठची चार भावंडं शिकत होती आणि घर तिच्या नि बाबांच्या कमाईवर चालायचं. बाबा म्हणजे तिचे वडील, आम्हीही त्यांना बाबाच म्हणायचो. वायरिंगची कामं करायचे, इस्त्र्या, शेगड्या दुरुस्त करायचे. छप्पन्न साली त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा शीला त्यांच्या खांद्यावर बसून गेली होती. त्या दिवसाचं सांगताना ते आवाज जराही चढवत नसत. म्हणायचे, तिथून घरी आलो तो मी दुसराच माणूस होतो.

चहाच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना मी शीलाला सांगितलं की ओव्हनची कॉइल जळाली.

ती जळाली नव्हती. सकाळीच मी त्यात दाणे भाजून पाहिले होते.

का म्हणाले? मी ठरवून म्हणाले का? तुम्हाला वाटेल, हिने रात्रभर बेत केला असेल. नाही हो. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर मी ते परत घेतलं नाही. शीलाचा चेहरा उतरला, आणि मग ती काय म्हणाली माहीत आहे? “मंग तुझा बी नाही होणार?” माझी काळजी करत होती ती. मी मान हलवली — नाहीच होणार.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास माझा केक ओव्हनमध्ये होता. ओव्हन एका तासात दुरुस्त झाला असं संध्याकाळी सांगायचं, एवढी माझी तयारी होती. चॉकलेटचा वास फाटकापर्यंत गेला होता, तेवढ्यात फाटकाशी सायकल लागल्याचा आवाज झाला आणि मी बाहेर आले तर बाबा उभे. कपाळावर घाम, हातात कापडी पिशवी.

“पोरगी म्हणे, कुसुमचा बी केक अडला. म्हटलं इतवारीतून कॉइल आणून बसवूनच देतो. दहा मिनिटांचं काम आहे.”

मग त्यांना वास आला. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलंच ते. ते हसले, अगदी मनापासून. “चालू झाला वाटते?”

मी म्हटलं, हो, शेजारच्यांनी आत्ताच पाहून दिलं.

“बरं झालं मंग. पोरीले पाठवून देतो. ते घरी डब्यावर शेगडीचे निखारे मांडून राहिली बिचारी.”

इथे मी थांबू शकले असते. पाठवा म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. आदल्या दिवसाचं खोटंसुद्धा पचलं असतं. पण शीला आली असती, तर तिचा केक माझ्या केकशेजारी, त्याच ओव्हनमधून निघाला असता. आणि कोणाला तडा जाणार, ते मला माहीत होतं.

मी आवाज खाली आणला. म्हटलं, “बाबा, आज नको. आईचं सोवळं आहे. तिला चालत नाही.”

एवढंच. तीन छोटी वाक्यं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घराकडे पाहिलं. त्यांचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. “अच्छा,” म्हणाले. पिशवीचं तोंड गुंडाळून हँडलला अडकवली आणि सायकल वळवून निघून गेले. मागे पाहिलं नाही. मी फाटकाची कडी लावून व्हरांड्यात आले तेव्हा आतून आईने विचारलं, “कोण होतं वं? शीला आली का?”

मी म्हटलं, कोणी नाही.

आता ते खोटं मी उघडं करते. माझी आई सोवळं पाळायची — पूजेचं, नैवेद्याचं. पण शीलाचं तिला कधी वावडं नव्हतं. शीलाला आमच्याच कपातून चहा मिळायचा, आमच्याच ताटात जेवण. शीलाच्या आईने पाठवलेला भिवापुरी मिरचीचा ठेचा आई भाकरीशी खायची, डोळे पुसायची आणि अजून वाढ म्हणायची. ओंडक्याच्या केकवर ती आम्हाला चिडवायची, “बाप्पा! सणासुदीला लाकडं काहून खाता वं पोरींनो?” त्या दिवशी सकाळी तिने धुतलेला एक मऊ पंचा घडी करून ठेवला होता. शीलाचा केक गुंडाळायला. शीला दोनला येणार, तिच्यासाठी पोहे भिजवायचे का, असंही मला विचारून गेली होती.

मला हेवा वाटत होता, एवढंच होतं. पण हेवा आहे असं कोण सांगतं? सोवळं आहे म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. समोरचा माणूस मान खाली घालतो आणि निघून जातो. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी तो शब्द उचलला. ज्या माणसाने तो शब्द पुन्हा ऐकायचा नाही म्हणून आपलं सगळं आयुष्य बदललं, त्याच्याच तोंडावर मी तो मारला.

संध्याकाळी शीलाचा केक एका बाजूने करपलेला होता आणि मधोमध उभा चिरला होता. तिने तो क्रीमने झाकला नाही, तसाच आणला. माझाही नेहमीसारखा तडकलेला होताच, पण आतून, रेघांखाली. टेबलावर तो छान दिसला. सिस्टरांनी शीलाचा एक तुकडा खाल्ला, खूप वेळ चघळला आणि तिच्या गालावर हात ठेवला. जागा मला मिळाली.

शीला मला काही बोलली नाही. कॉइलबद्दल नाही, आईबद्दल नाही. अभिनंदन मात्र केलं. पुढच्या जूनमध्ये तिला पारशिवनीकडे शाळेत नोकरी लागली आणि ती गेली. मी एकवीस वर्षं त्या जागेवर मुलींना ब्यूश शिकवला. दाबू नका गं, त्याला आपल्या आपण वळू द्या — असं शिकवला.

नवऱ्याने एकदा विचारलं, तुझी ती मैत्रीण हल्ली येत नाही? त्यालाही मी आईचं सोवळं सांगितलं. पुढे मुलीलाही तेच. ती आता कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, आणि वर्गात स्वतःच्या घराचं उदाहरण देते. आमची आजी प्रेमळ होती, पण तिनेसुद्धा आईच्या मैत्रिणीला दारातून परत पाठवलं, असं सांगते. खरं बोलण्याचं धाडस म्हणून मुलं तिचं कौतुक करतात. मी ऐकून घेते.

आई मात्र विचारत राहिली. दर नाताळच्या आसपास, त्या केकचा वास आला की, “शीला काहून नाही येत वं आता? काही बोललीस का तिले?” मी म्हणायचे, संसारात गुंतली असेल. आईला वाटलं, आपलंच काही चुकलं. एकदा तसं म्हणालीही — मी तिला कधी उणंदुणं बोलले का गं? मी म्हटलं, नाही आई. तेवढं एक खरं बोलले.

आई गेली ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, एका उन्हाळ्यात. दारात माणसं जमली होती. अंगणातून मला दिसलं, रस्त्याच्या पलीकडे भर उन्हात शीला उभी होती. केस पिकायला लागले होते, हातात मोगऱ्याची ओंजळ होती. पारशिवनीहून सकाळची एसटी धरून आली असणार. शेजारच्या काकू तिच्याकडे गेल्या, आत चला म्हणाल्या, आणि परत येऊन मला हळूच सांगितलं — “ती बाई म्हणते, आईले आमचं आलेलं चालत नव्हतं. आज त्यांचं शेवटचं आहे, आज काहून त्यांचं मन मोडू?”

आईला तिरडीवर ठेवेपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला असेल. शीला तिथेच उभी होती. माझ्यात आणि तिच्यात एक फाटक आणि एक रस्ता. ‘आत ये’ एवढं म्हटलं असतं तर तिने आईच्या सोवळ्याचं विचारलं असतं — आणि मला खरं सांगावं लागलं असतं, तिथे, सगळ्यांसमोर, आईच्या उशाशी. मी मान खाली घालून उभी राहिले. लोक म्हणाले, फार दुःख झालंय पोरीला.

आईला उचललं तेव्हा शीलाने रस्त्यापलीकडूनच हात जोडले. फुलं तिच्याच हातात राहिली. मी तिला आत बोलावलं नाही.