डिझेलवर ढकललेला दोष

अक्कलकुव्यात हायवेलगत माझं गॅरेज आहे. मोलगीच्या बाजूने उतरणाऱ्या बऱ्याच प्रवासी जीपा दुरुस्तीला माझ्याकडेच येतात. त्यातल्या एका जीपवाल्याशी मी जे वागलो, ते घरात कधी कोणाला सांगितलं नाही.

तो डोंगरातला माणूस, घरी पावरी आणि माझ्याशी अहिराणी बोलणारा. वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो. तो मला मिस्तरी म्हणायचा. दिवाळीनंतर त्याची जीप टकटक आवाज करायला लागली. मी इंजिन उघडलं तर कॅमशाफ्ट झिजलेला. व्हॉल्व्ह उघडणारा, मिटवणारा दांडा तो. त्याचे उंचवटे सपाट होत आले होते. मी नवा कॅमशाफ्ट बसवला, टायमिंगच्या खुणा जुळवल्या आणि शेवटी टॅपेट लावले.

टॅपेट लावणं म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकावर केसाएवढी फट ठेवणं. ती मोजायला पातळ पट्ट्यांचं फिलर असतं. माझं खणात पडून होतं. इतक्या वर्षांत हाताला अंदाज आलाय, असं मी चारचौघांत सांगायचो, आणि खरं म्हणजे फट जरा कमीच ठेवायचो. फट कमी की इंजिन गप्प चालतं, आणि गिऱ्हाईक तर आवाजावरूनच काम पारखतं. जीप सुरू केली तेव्हा खरंच काही आवाज नव्हता. तो खुशीत गेला.

चौथ्या दिवशी परत आला. म्हणाला, "थंडी शे तवलोंग पळस, तपनी की मरी जास." म्हणजे थंड असेपर्यंत गाडी पळायची, तापली की बंद पडायची.

मी जीप सुरू केली, हायवेवर थोडी पळवून आणली. काहीच दोष दिसला नाही. डिझेल कुठून भरतोस, विचारलं. त्याच्या बायकोच्या भावाचं मोलगीत किराणा दुकान होतं, तिथून कॅनने घ्यायचा.

"मंग तठेच खोट शे," मी म्हणालो. "इंजिन बरोबर शे."

गॅरेजात तेव्हा तीन-चार गिऱ्हाइकं बसलेली होती. त्यातला एकजण हसला, मीही हसलो. जीपवाला मान हलवून निघून गेला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. आता गाडी धूरही सोडत होती. तेव्हाही मी टॅपेटचं झाकण उघडलं नाही. माणसं जास्त भरतोस, चढावर गिअर चुकीचा टाकतोस, असं काहीबाही सुनावलं. तिसऱ्या वेळी मात्र तो गाडीला टेकून उभाच राहिला. मला म्हणाला, तुम्ही माझ्यासोबत वर चला, एवढंच करा.

गेलो. खरं तर त्याला खोटं पाडायलाच गेलो होतो. जीपमध्ये नेहमीसारखी माणसं होती. एका म्हाताऱ्याच्या मांडीत शेळी होती. सपाटीवर गाडी छान पळाली. घाट लागला, निम्मा चढ झाला, आणि इंजिनचा दम तुटायला लागला. पुढच्या वळणावर गाडी उभी राहिली. माणसं न सांगता उतरली. चाकामागे दगड कोणी लावायचा, हेसुद्धा त्यांचं ठरलेलं होतं. तेव्हा मला कळलं, हे रोजचं झालंय. म्हाताऱ्याने शेळीची दोरी धरली आणि चढ चालायला लागला.

गाडी तापली की मरते म्हणजे काय, हे मला त्या वळणावर उभं राहिल्यावर उमगलं. धातू तापला की वाढतो. फट मुळातच नसेल, तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि इंजिनचा जोर तिथून निसटतो. हत्यारांच्या पेटीच्या तळाशी मी फिलर टाकून आणलं होतं. का आणलं, ते तेव्हा मनाशीही कबूल केलं नसतं. झाकण काढलं. दोन व्हॉल्व्हवर सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा आत जाईना.

तो माझ्या खांद्याशी उभा होता. त्याने विचारलं, सापडलं का?

मी म्हणालो, "डिझेलमा कचरा व्हता."

टॅपेट नीट लावले, मग त्याला दिसावं म्हणून डिझेलचा फिल्टर उघडून पुसला आणि परत बसवला. मोलगीपर्यंत गाडी कुठेही बंद पडली नाही. वाटेत त्याने म्हाताऱ्याला शेळीसकट पुन्हा आत घेतलं. मला परत गॅरेजवर सोडताना तो म्हणाला, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्याने माझी माफी मागितली आणि मी ती घेतली.

होळीनंतर तो ब्रेक दाखवायला आला. होळी कशी झाली, मी सहज विचारलं. तो म्हणाला, यंदा बायको भावाकडे गेली नाही. डिझेलवरून भांडण झालं. मेहुण्याने शपथ घेतली, पण मिस्तरीने स्वतः कचरा काढला म्हटल्यावर त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

माझ्या हातात ब्रेकची पट्टी होती, ती मी खाली ठेवली. "डिझेल चांगलं व्हतं," मी म्हणालो. "चूक मन्ही व्हती." मग टॅपेटचं सगळं सांगितलं.

तो चिडेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "हाई मले नको सांगू. तठे ईसन सांग." तिथे येऊन, म्हणजे मोलगीला, मेहुण्यासमोर. इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

बाजाराच्या दिवशी मी मोलगीला गेलो. त्याच्या मेहुण्याच्या दुकानात गर्दी होती. गर्दी ओसरायची वाट बघावी असं वाटत होतं, पण मी त्याला खोटं ठरवलं ते चार लोकांसमोर. म्हणून तसाच आत जाऊन बोललो. तो चिंच तोलत होता. तोलून झाल्यावर म्हणाला, "माझ्या बहिणीने मला विचारलं होतं, भेसळ केली का. मी नाही म्हणालो. तिला खरं वाटलं नाही. तिला सांगा."

जीपवाल्याच्या घरी गेलो. त्याची बायको अंगणात तूर पाखडत होती. मी जे सांगितलं ते त्याने तिला पावरीत सांगितलं. तिचं सूप थांबलं. ती माझ्याकडे न बघता नवऱ्याशी दोन वाक्यं बोलली आणि पुन्हा पाखडायला लागली. त्याने त्याचा अर्थ मला सांगितला नाही, मीही विचारला नाही.

परतताना मी त्याच्याच जीपमध्ये पुढे बसलो होतो. घाट उतरल्यावर त्याने सांगितलं की संध्याकाळी ती दोघं मेहुण्याकडे जेवायला जाणार आहेत. ब्रेकचं राहिलेलं काम त्याने तळोद्याला दुसऱ्या गॅरेजात करून घेतलं. त्यानंतर त्याची जीप माझ्याकडे आली नाही.