आंद्रिस यांनी मंत्रिपद का सोडलं

आंद्रिस गेल्या मार्चमध्ये, एका शनिवारी सकाळी, अमेरिकेतलं ॲन आर्बर सोडून लॅटव्हियाला परत गेले. त्यांचा पियानो आमच्या घरी राहिला. डेट्रॉइटच्या विमानतळावर त्यांना मीच ड्राइव्ह करून सोडलं. रस्त्याच्या कडेला मळलेला बर्फ होता. सिक्युरिटीच्या रांगेपाशी मी विचारलं, या वयात परत का? इथला ब्रेड गोड लागतो, म्हणाले. मला ते पटलं नाही.

मी पुणे सोडलं तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, फाटकापर्यंतच आले. "दोनच वर्षं ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. अनघाचं, माझ्या बायकोचं, इथल्या युनिव्हर्सिटीतलं काम तेव्हा खरोखर दोन वर्षांचंच होतं. मग ते वाढलं, पुन्हा वाढलं. या जानेवारीत तिची नोकरी पर्मनंट झाली. अण्णा पुण्यात एकटे आहेत. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

आंद्रिस आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये मुलीकडे राहत. ते पियानिस्ट आणि संगीतकार. त्यांच्या देशात लग्नांत त्यांची गाणी म्हणतात. सोव्हिएत संघ मोडल्यावर लोकांनी त्यांना निवडून दिलं, ते सांस्कृतिक मंत्री झाले आणि मुदत संपण्याआधीच पायउतार झाले. इथे ते मुलांना पियानो शिकवत. आमची ईरा दर गुरुवारी खाली जायची.

राजीनाम्याचं कारण मी त्यांना पहिल्याच हिवाळ्यात विचारलं. सह्या करून बोटं आखडली, असं उत्तर मिळालं. ईराला त्यांनी सांगितलं, ऑफिसातल्या पियानोला कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडेच नव्हती. पुढच्या हिवाळ्यात मला सांगितलं, बायको आजारी होती. त्यांची मुलगी अनघाला लाँड्रीरूममध्ये म्हणाली, पपांना जायला सांगितलं होतं.

मी पुण्यात बातमीदार म्हणून बरीच वर्षं महापालिका कव्हर केली. एका राजीनाम्याची चार कारणं मिळाली की बातमी थांबवायची, हे मला तिथे शिकवलं होतं. अण्णा तर गायक-नटांच्या प्रचारसभांना जातच नसत. "टाळ्या मिळत असताना याला मतं कशाला हवीत, ते आधी शोध," म्हणायचे.

नोव्हाय या जवळच्या गावात एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी हे बोललो. संजय, नागपूरचा, तिथल्या कार कंपनीत इंजिनिअर. ताट हातात घेऊनच हसला. "मिनिस्टर होता आणि इथे पोरांना सारेगम शिकवतो? खाल्लं असेल यार काहीतरी. लिहून घे."

त्याच आठवड्यात, जेवताना, मी चारही कारणं एकापुढे एक मांडली. यातलं एकच खरं असू शकतं, म्हणालो.

"बाबा, you do that too," ईरा म्हणाली.

"काय करतो मी?"

"आपण इथे का राहतो? संजयकाकांना you said आईची लॅब. पार्सिपनीच्या मावशीला you said इथल्या schools. आजोबांना you said two years."

अनघाने पोळी वाढायची थांबवली. "आणि पर्मनंटचं अण्णांना कोण सांगणार आहे?"

मी पाणी प्यायलो. आंद्रिस यांचा विषय त्या दिवशी तिथेच संपला.

आता ईरा 'घरी जाऊ' म्हणते ते या अपार्टमेंटबद्दल. मीही परवा अण्णांना म्हणालो, "घरी पोचलो की फोन करतो." त्यांनी विषय बदलला. मग म्हणाले, "तुमच्या खोलीला रंग लावून घेतलाय. ईराला निळा आवडतो ना?" तिला तो पाच वर्षांची असताना आवडायचा. मी हो म्हणालो.

आंद्रिस यांची मुलगी गेल्या आठवड्यात जिन्यात भेटली. म्हणाली, पपांनी तिकडे गावच्या नगरपालिकेच्या निवडणुकीत अर्ज भरला आहे. का, ते तिला ठाऊक नाही. परत जाताना तिला त्यांनी संधिवाताचं कारण सांगितलं होतं. तिकडची हवा मानवते म्हणून.

रविवारी अण्णांचा फोन आला तेव्हा ईरा पियानोवर सराव करत होती. "जूनमध्ये येतोय," मी म्हणालो.

"कायमचे ना?"

ईराचे हात थांबले. अनघा दारात उभी होती.

"आलो की बोलू," मी म्हणालो.

जूनची तिकिटं काढली आहेत. तीन. तिन्ही परतीची आहेत.