सकाळच्या पाळीतली ‘मधली’

डायलिसिसच्या त्या लांबट खोलीत सात खुर्च्या होत्या आणि सातही खुर्च्यांना दिसेल असा एकच टीव्ही भिंतीवर उंच लावलेला होता. सकाळच्या पाळीचे रुग्ण सातला येत, वजनकाट्यावर उभे राहत, डाव्या हाताची फुगलेली शीर तंत्रज्ञापुढे करत, आणि एकदा दोन सुया आत गेल्या की चार तास त्यांना जागचं हलता येत नसे. आदल्या संध्याकाळच्या मालिकेचा भाग नऊ वाजता पुन्हा दाखवत. तो प्रत्येकानं घरी पाहिलेला असे. तरीही इथे तो पुन्हा पाहिला जाई, कारण घरी शिव्या द्यायला सोबत नसते.

मालिकेत एका बापाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. त्याला तीन मुली. थोरलीची जुळत नव्हती, धाकटी अल्पवयीन होती, आणि मधलीची जुळत असूनही तिनं नकार दिला होता. मालिकेतलं तिचं नाव चांगलं देखणं होतं, पण या खोलीत ते कुणी घेत नसे. तिला ‘मधली’ म्हणत, आणि तो शब्दही दाताखाली खडा आल्यासारखा उच्चारत.

हे प्रेक्षक भोळे होते असं समजण्याचं कारण नाही. खिडकीलगतच्या खुर्चीतले निवृत्त हेडमास्तर मालिकेतल्या चुका बोटांवर मोजून दाखवत: बापाला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून डायलिसिसवर बसवलं आहे, सुया गेल्या कुठून? तो पेलाभर सरबत एका दमात पितो, त्याचं अंगात साचणारं पाणी कोण काढणार? यंत्राची नळी तर चक्क पंख्याच्या वायरसारखी लोंबते आहे. सगळा बनाव त्यांनी उघडा पाडला होता. फक्त मधली तेवढी त्यांना अक्षरशः खरी वाटत होती. स्वतः हेडमास्तरांना तीन मुलं होती आणि तिघांपैकी एकानंही अजून रक्तसुद्धा तपासून घेतलेलं नव्हतं. घरात ज्यांना सुनावता येत नव्हतं त्यांच्या वाटचं सारं ते मधलीला ऐकवत. लेकी बोले सुने लागे या न्यायानं निदान कुणालातरी लागतंय, एवढं समाधान त्यांना पुरत असावं.

मधलीनं नकार का दिला, यावर खोलीत पक्ष पडले होते. हेडमास्तरांच्या मते घराच्या वाटणीचा जुना राग. कुणी म्हणे नवऱ्यानं कान भरले. पाचव्या खुर्चीतल्या कंडक्टरबाईंचं म्हणणं निराळं होतं. त्यांना बहिणीची किडनी बसवली होती, ती तीन वर्षं चालून बंद पडली, तेव्हा बहीण म्हणाली, ‘बिघडवलीस.’ तेव्हापासून बोलणं नाही. त्या म्हणत, मधलीला देण्याची भीती नाही, दिल्यानंतरची आहे. पण हे मत ऐकून घेण्यापलीकडे कुणी काही करत नसे.

तिसऱ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर भिंगबाई बसलेली असे. खुर्चीत तिचा थोरला भाऊ. ती चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात बावीस वर्षं होती; तिथलं हे नाव भावानंच चेष्टेत घरी आणलं आणि ते चिकटलं. जाड काच यंत्रावर धरून तिला हव्या त्या नंबरापर्यंत उतरवायची, कडा फ्रेमच्या मापाला बसवायच्या, हे तिचं काम. काच नुसती बोटांत फिरवून ती नंबर सांगे आणि फारतर पाव नंबरानं चुके. वय त्रेचाळीस, लग्न केलेलं नाही, दोन खोल्यांचं वेगळं भाड्याचं घर. तिची पाळी दुपारची, म्हणून भावाला आणणं-नेणं तिच्याकडे आलं. वहिनी शाळेच्या कचेरीत कारकून, तिला सकाळी निघावं लागे. दोन मुलं, धाकटा सात वर्षांचा.

वहिनीला साखरेचा आजार, म्हणून किडनी देणाऱ्यांतून ती बाद झाली. मग सगळ्यांच्या नजरा भिंगबाईकडे वळल्या. तिला ना मूल ना बाळ, तिच्यावर कोण अवलंबून आहे, असा हिशेब घरात उघड बोलला गेला नाही. तो भाजीत मीठ असावं तसा सगळ्या बोलण्यात होता. तपासणीला ती हो म्हणाली, कारण तपासणीला नाही म्हणायला तोंड नव्हतं. जुळू नये, अशी मनापासून इच्छा करत तिनं रक्त दिलं. जुळलं. पुढे ती ना हो म्हणाली, ना नाही.

त्या दिवसापासून वहिनीनं मालिकेला हाताशी धरलं. सरळ ती एक अक्षर बोलली नाही. रजेच्या दिवशी खोलीत आली की टीव्हीकडे पाहून म्हणे, काही बायकांना देव काळीज द्यायला विसरला असावा. फोनवर म्हणे, वन्सं, काल पाहिलंत का, बाप खोकत होता आणि मधली पावडर लावत होती. भिंगबाईनं पाहिलेलं असे. मधली पावडर लावत नव्हती, ती आरशासमोर नुसती उभी होती; पण असल्या दुरुस्तीला आता अर्थ नव्हता.

वहिनीच्या रजेच्या एका सकाळी मधलीच्या हेतूंची चर्चा रंगात आली असताना भिंगबाई म्हणाली, “तिला नसेल द्यायची.”

हेडमास्तरांनी मान वळवली. “नसेल म्हणजे? कारण काय?”

“कारण नसेल.”

“असं होत नसतं बाई. कारणाशिवाय पात्र वागत नाही. लेखक तसं लिहीतच नाही.”

“पात्र नाही वागत मास्तर,” वहिनी शांतपणे म्हणाली. “माणसं वागतात.”

भाऊ डोळे मिटून पडला होता. त्याच्या पापण्या हलल्या, एवढंच.

खरं तर भिंगबाईनं स्वतःशी कारण शोधून पाहिलं होतं. भावानं तिचं वाईट केलं नव्हतं. लहानपणी तिला सायकल शिकवली होती, वडील गेल्यावर तिच्या नोकरीसाठी दोन ठिकाणी शब्द टाकला होता. भीती होती, पण भीती सुईचीही वाटते आणि माणूस सुई टोचून घेतोच. सगळं खरवडून काढल्यावर तळाशी एवढंच उरे, की हे शरीर तिचं आहे आणि त्यातलं काही काढून द्यायला तिचं मन घेत नाही. इतका साधा नकार सांगायला तिच्याकडे शब्द नव्हता. रागाचा नकार लोकांना कळतो, लोभाचाही कळतो. बिनकारणाचा नकार मात्र कुणाच्याच पचनी पडत नाही.

पुढच्या आठवड्यात हेडमास्तरांनी मालिका दाखवणाऱ्या टीव्ही कंपनीला पत्र लिहिलं. अक्षर मोत्यासारखं, भाषा शाळा तपासणीच्या अहवालाची. या पात्रामुळे समाजात दात्यांविषयी चुकीचा संदेश जात असून शेकडो रुग्णांच्या मनाला यातना होत आहेत, तरी सदर पात्राचं हृदयपरिवर्तन सत्वर दाखवावं. कागद खुर्चीखुर्चीतून फिरला. भावानं सही केली आणि कागद बहिणीकडे दिला. सगळे पाहत होते. तिनं सही केली, आणि ती नेहमीसारखीच सफाईदार उतरली याचं तिला नंतर दिवसभर नवल वाटत राहिलं.

अशी पत्रं बहुधा पोतंभर गेली असावीत. सात आठवड्यांनी मधली एका पावसात भिजत बापाच्या दारात आली आणि पाया पडून रडली. तिचं मन का पालटलं, हे कुठेच दाखवलं नव्हतं. एका भागात ती नाही म्हणत होती आणि पुढच्या भागात हो. हेडमास्तरांना आता कारणाची गरज भासली नाही. खोलीत आनंदाला उधाण आलं. डावे हात सुयांनी अडकलेले, त्यामुळे सातही जण उजव्या हातानं मांडीवर थापा मारत होते. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात, पण त्या सकाळी ती चांगलीच वाजली. त्या दिवशी रजेवर असलेली वहिनी पदरानं डोळे टिपत भिंगबाईकडे पाहून म्हणाली, बघा, शेवटी रक्त बोलतंच.

त्याच आठवड्यात भिंगबाईला किडनी देणाऱ्यांची चौकशी करणाऱ्या समितीपुढे बोलावणं आलं. देणाऱ्याला एकटीला बसवून विचारायचं, नातेवाइकांना बाहेर ठेवायचं, असा रुग्णालयाचा नियम होता. टेबलापलीकडे एक पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी धोके समजावले, आणि मग लेखणी खाली ठेवून विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का. भिंगबाई म्हणाली, दबाव असा नाही, फक्त मालिका आहे. डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही.

“द्यायची आहे का तुम्हाला?”

“नाही.”

“ठीक आहे.” त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. “आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो, की तुम्ही योग्य दाता ठरला नाहीत. त्यापुढचं सांगायला आम्ही बांधील नाही. अशा वेळी हेच करतो.”

भिंगबाईनं मान हलवली. बाहेर येईपर्यंत तिच्या खांद्यांवरून पोतं उतरल्यासारखं झालं होतं.

जे झालं ते तिच्या अपेक्षेबाहेरचं होतं. वहिनी रडली आणि तिला मिठी मारून म्हणाली, तुम्ही कशाला मनाला लावून घेता, तुमची तर तयारी होती. भाच्यांना सांगितलं गेलं, आत्या देणार होती, पण डॉक्टर नको म्हणाले. भावानं संध्याकाळी स्वतः फोन केला, एरवी तो कधी करत नसे, आणि बराच वेळ कारखान्याविषयी, नव्या यंत्राविषयी विचारत राहिला. दोन दिवस तिला इतकं प्रेम मिळालं की तिला जेवण गेलं नाही. शिव्या खाताना पोट भरत होतं, असं तिच्या लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी वहिनी रजा काढून डायलिसिसला आली. थर्मासभर चहा आणि कागदी पेले घेऊन, नातेवाइकांसाठी. टीव्हीवर मधली शस्त्रक्रियेच्या खोलीकडे चाललेली होती. वहिनीनं पहिला पेला भिंगबाईच्या हातात दिला आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, “आमच्या वन्संना कुणाच्या पत्राची गरज पडली नाही. शरीरानंच दगा दिला, नाहीतर या पहिल्या दिवसापासून तयार होत्या.”

हेडमास्तरांनी कौतुकानं मान डोलावली.

भिंगबाईनं पेला खाली ठेवला. “दादा,” ती म्हणाली, “मला तपासणीत काढलेलं नाही. मी नाही म्हटलं.”

वहिनी थर्मासचं झाकण लावत होती, ते लागेना. पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. मग म्हणाली, “घरात दोन पोरं आहेत वन्सं. पाय धरायचे तेवढे राहिले होते, ते धरले असते मी.”

“तरी मी नाहीच म्हटलं असतं.”

“मधली निदान सुधारली,” हेडमास्तर खिडकीकडे पाहत म्हणाले.

“तिला तुम्ही सुधारलंत मास्तर. ती कुठं हो म्हणाली?”

“तुझीही सही आहे त्या पत्रावर,” कंडक्टरबाई पाचव्या खुर्चीतून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दया नव्हती, आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं.

भावानं डोळे उघडले. इतक्या महिन्यांत या विषयावर तो पहिल्यांदा बोलत होता. “मला कशाला सांगितलंस? डॉक्टरांनी झाकलं होतं ना? राहू द्यायचं होतंस झाकलेलं.”

“तू खोट्यात राहू नयेस म्हणून.”

“माझ्यासाठी नाही सांगितलंस. तुझ्यासाठी सांगितलंस.” तो थांबला, यंत्रावर असताना फार बोललं की त्याला धाप लागे. “दोन दिवस मला बहीण होती. तेवढंही ठेवलं नाहीस.”

वहिनीनं भिंगबाईची पिशवी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. निघा, असा त्याचा अर्थ होता. तंत्रज्ञ पोरानं टीव्हीचा आवाज दोन घरं वाढवला आणि यंत्रांचे आकडे पाहत दुसऱ्या टोकाला निघून गेला. यंत्रावर अजून पावणेदोन तास उरले होते. भिंगबाई उठली नाही. भावानं मान पलीकडे वळवली, जितकी वळते तितकी. हात मात्र तिच्याच बाजूला, तिच्या गुडघ्याजवळ पडून राहिला. सुया त्या हातात होत्या, आणि तो हलवायची त्याला मुभा नव्हती.